नोराची सही

हेन्रिक इब्सेनचं ‘अ डॉल्स हाउस’ ज्यांनी वाचलेलं नाही, त्यांनाही त्याचा शेवट ठाऊक असतो. बायको नवऱ्याचं घर सोडून जाते आणि खालून दार बंद झाल्याचा आवाज येतो. जवळजवळ दीडशे वर्षं त्या आवाजाबद्दल इतकं लिहिलं-बोललं गेलं आहे की त्याआधीचं नाटक बहुतेकांना नुसती पूर्वतयारी वाटू लागलं आहे. हे भाषांतर हाती घेणाऱ्या वाचकाला माझी विनंती आहे की दाराकडे डोळे लावून बसू नये. पहिल्या अंकात एक कागद येतो, त्याच्याकडे नीट पाहावं. तो कर्जरोखा आहे. त्यावर नोराच्या वडिलांची जामीन म्हणून सही आहे आणि सहीशेजारी २ ऑक्टोबर ही तारीख आहे. वडील वारले त्याच वर्षी २९ सप्टेंबरला.

मेलेल्या माणसाने तीन दिवसांनी केलेली ही सही म्हणजे नाटकाचं मूळ. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी नोराचा नवरा टोरवाल्ड हेल्मर अतिश्रमाने आजारी पडला. दक्षिणेच्या उबदार हवेत नेलं तरच तो वाचेल, असं डॉक्टरांनी नोराला सांगितलं, त्याला सांगितलं नाही. कर्ज काढण्याचा विषयही त्याला सहन होत नसे. तिकडे वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांना त्रास देणं तिला पटेना. तिने क्रोगस्टाड नावाच्या माणसाकडून ४८०० क्रोनर उचलले, वडिलांची सही स्वतःच केली, नवऱ्याला इटलीला नेलं आणि बरं करून आणलं. पैसे वडिलांनी दिले, असं त्याला सांगितलं. पुढे घरखर्चातून, कपड्यांच्या पैशातून, रात्री चोरून केलेल्या लेखनिकीतून ती हप्ते फेडत राहिली. लग्नाला आठ वर्षं झाली, तीन मुलं झाली, नवरा आता बँकेचा मॅनेजर होणार. नाताळच्या आदल्या दिवशी पडदा उघडतो तेव्हा हे सगळं घडून गेलेलं असतं.

तिने स्वतःच्या नावावर कर्ज का घेतलं नाही? बायकोला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज काढता येत नाही, असं तिची मैत्रीण क्रिस्टीना लिंडे पहिल्या अंकात सहज बोलून जाते. प्रेक्षकाला ते वाक्य ऐकूही येत नाही इतकं ते सहज आहे. १८७९ च्या नॉर्वेत विवाहित स्त्री कायद्याने नवऱ्याच्या पालकत्वाखाली होती. पंचवीस वर्षांची अविवाहित मुलगी १८६३ पासून सज्ञान मानली जाऊ लागली होती. तिने लग्न केलं की ते सज्ञानपण संपत असे. म्हणजे नोराने गुन्हा केला तो अशा व्यवस्थेत, जिथे नवऱ्याचा जीव वाचवण्याची जबाबदारी तिच्यावर येऊ शकत होती, पण त्यासाठी लागणाऱ्या कागदावर तिच्या एकटीच्या सहीला मोल नव्हतं. लग्नातलं स्वत्व म्हणजे काय याची चर्चा आपण बहुधा मनाच्या, प्रेमाच्या, घुसमटीच्या भाषेत करतो. इब्सेनने ती एका सहीपासून सुरू केली. माझ्या मते या नाटकाचं मोठेपण इथेच आहे.

ही सही त्याने कल्पनेतून काढलेली नाही. लॉरा पीटरसन नावाच्या तरुण लेखिकेने १८६९ मध्ये इब्सेनच्या ‘ब्रांड’ या नाटकाला उत्तर म्हणून ‘ब्रांडच्या मुली’ ही कादंबरी लिहिली. इब्सेनला ती आवडली, ओळख वाढली. तो तिला लाडाने चंडोल म्हणत असे. नाटकात हेल्मरही नोराला चंडोलच म्हणतो. लॉराने व्हिक्टर कीलर या शिक्षकाशी लग्न केलं. त्याला क्षय झाला. त्याला न सांगता तिने कर्ज काढलं, इटलीला नेलं, तो बरा झाला. देणेकरी मागे लागले तेव्हा तिने घाईघाईने एक पुस्तक लिहिलं आणि प्रकाशकाकडे शब्द टाकावा म्हणून इब्सेनकडे पाठवलं. त्याला ते सामान्य वाटलं, त्याने नकार दिला. तिने हस्तलिखित जाळलं आणि खोटा चेक तयार केला. ते उघडकीला आल्यावर नवऱ्याने तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं, मुलं तिच्यापासून तोडली. महिनाभराने ती बाहेर आली आणि मुलांसाठी विनवणी करून त्याच घरात परत गेली.

हे १८७८ मधलं. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात इब्सेन रोममध्ये आपल्या नव्या शोकान्तिकेची टिपणं लिहू लागला. पुरुषाचा विवेक वेगळा असतो आणि स्त्रीचा वेगळा, पण न्याय मात्र पुरुषाच्या कायद्याने होतो, असा त्या टिपणांचा आशय आहे. विचार लखलखीत आहे, यात वाद नाही. तरीही लॉराची हकीकत वाचताना मला इब्सेनचा राग येतो. ज्या बाईने मदत मागितली तिला मदत न देता त्याने तिच्या आयुष्याचं नाटक केलं, आणि जगभर गाजलेल्या त्या नाटकातली नोरा ती हीच, ही ओळख लॉराला जन्मभर चिकटली. तिला तिचा मनस्ताप झाला. पुढे तिने स्वतःच्या नावावर पुष्कळ लेखन केलं, १९३२ पर्यंत जगली, पण तिच्याविषयी कुतूहल असायचं ते नोरापुरतं. नोरा दार ओढून निघून गेली; लॉराला परतावं लागलं. नाटक वाचताना या दोघींनाही मनात बाळगावं.

इब्सेनच्या बाजूनेही सांगायला हवं. १८७९ च्या सुरुवातीला रोममधल्या स्कँडिनेव्हियन मंडळात त्याने दोन ठराव मांडले: ग्रंथपालाचं काम स्त्रीला मिळू शकावं आणि मंडळातल्या स्त्रियांना मत असावं. पहिला मंजूर झाला, दुसरा थोडक्यात हुकला आणि तो संतापला. १८८४ मध्ये विवाहितेला स्वतंत्र मालमत्तेचा हक्क मिळावा म्हणून नॉर्वेच्या संसदेकडे गेलेल्या अर्जावर ब्यर्नसन, ली, किलांड या लेखकांबरोबर त्याचीही सही होती. १८८८ च्या कायद्याने नॉर्वेत लग्न झालेली स्त्री सज्ञान ठरली. पुढे १८९८ मध्ये नॉर्वेतल्या स्त्री-हक्क संघटनेने त्याचा गौरव केला तेव्हा त्याने भाषणात, स्त्रियांच्या चळवळीसाठी आपण जाणूनबुजून काम केलेलं नाही, आपण माणसाचं चित्र काढत आलो, असं सांगितलं. या भाषणाचा आधार घेऊन ‘हे नाटक स्त्रियांबद्दल नाहीच’ असं म्हणणारे समीक्षक अधूनमधून भेटतात. मला ते मान्य नाही. नोराला माणूस म्हणून जगायचं आहे हे खरं, पण तिला माणूसपण नाकारलं गेलं ते बायको असल्यामुळे.

आता हेल्मरकडे. त्याला खलनायक करून वाचलं तर नाटक हातचं जातं. तो दारू पीत नाही, मारत नाही, बाहेरख्याली नाही. बायकोवर त्याचं प्रेम आहे. तो तिला चंडोल म्हणतो, खार म्हणतो, बदामाची बिस्किटं खाल्लीस का म्हणून बोट नाचवून विचारतो, तिचा नाचाचा पोशाख ठरवतो, नाच शिकवतो. टपालपेटीची किल्ली मात्र त्याच्याच खिशात. क्रोगस्टाडचं सारं उघड करणारं पत्र दुसऱ्या अंकात त्या काचेच्या पेटीत पडतं. ते नोराला बाहेरून दिसतं, पण हात पोचत नाही. आपल्याच घराच्या दारात आलेलं, आपल्याच आयुष्याबद्दलचं पत्र तिला काढता येत नाही. मग वेळ काढण्यासाठी ती टारान्टेला नाचते, जीव खाऊन नाचते, आणि नवरा ताल चुकल्याबद्दल तिला दुरुस्त करत राहतो. प्रयोगात हा प्रसंग बहुतेक वेळा नाचाचा देखावा म्हणून बसवला जातो. वाचताना मात्र पेटीतलं पत्र विसरू नये.

नोराला एका गोष्टीची आस आहे आणि भीतीही. पत्र वाचल्यावर टोरवाल्ड सारा दोष स्वतःच्या अंगावर घेईल, असं तिला वाटतं. तसं झालं तर त्याला वाचवायला जीव द्यायची तिची तयारी आहे. प्रत्यक्षात तो पत्र वाचतो आणि पहिला विचार स्वतःच्या अब्रूचा करतो. ती खोटारडी, गुन्हेगार, मुलं वाढवायला नालायक. तरी लोकांना दाखवायला घरात राहावं. एवढ्यात दुसरं पत्र येतं, कर्जरोखा परत आलेला असतो. तो ओरडतो, मी वाचलो. ती विचारते, आणि मी? तो म्हणतो, तूही अर्थातच. तो लगेच क्षमाशील होतो, पुन्हा चंडोल म्हणू लागतो, पंखाखाली घेण्याची भाषा करतो. संतापाच्या वेळी तो जे बोलला त्याहून ही क्षमा अधिक भयंकर आहे. नोरा आत जाते, नाचाचा पोशाख उतरवते, रोजचे कपडे घालून येते आणि त्याला टेबलाशी समोर बसवते. आठ वर्षांत आपण नवरा-बायको म्हणून एकदाही गंभीरपणे बोललो नाही, हे तिच्या लक्षात आलेलं असतं.

युरोपच्या रंगभूमीवर हे नवं होतं. प्रसंग घडला, गुपित फुटलं, की तोवरची नाटकं अश्रूंत, क्षमेत किंवा पिस्तुलाच्या आवाजात संपत. इथे दोन माणसं खुर्च्यांवर बसून बोलतात. या चर्चेलाच बर्नार्ड शॉने इब्सेनचं तंत्रातलं खरं नवेपण म्हटलं. शॉला ते आतून कळलेलं होतं: १८८६ मध्ये लंडनला एका घरगुती वाचनात त्याने क्रोगस्टाड वाचला होता आणि नोरा होती कार्ल मार्क्सची मुलगी एलिनॉर.

त्याच तिसऱ्या अंकाच्या आरंभी क्रिस्टीना आणि क्रोगस्टाड भेटतात, हे लोकांच्या लक्षात राहत नाही. क्रिस्टीनाने आजारी आई आणि धाकटे भाऊ यांच्यासाठी एकदा पैशाकडे पाहून लग्न केलं, विधवा झाली, पडेल ते काम करून जगली. आता कुणासाठी तरी काम करावं, कुणाच्या तरी मुलांची आई व्हावं असं तिला वाटतं आणि ती क्रोगस्टाडला आपणहून विचारते. काहीही न लपवता, एकमेकांचे डाग ठाऊक असताना. एक बाई लग्नातून बाहेर पडते त्याच रात्री दुसरी डोळे उघडे ठेवून लग्नात जाते. हे नाटक लग्नसंस्थेच्या विरुद्ध आहे, असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा. आणि दाई ॲन-मारी? आईविना नोराला वाढवायला ती आली तेव्हा स्वतःची मुलगी परक्यांकडे सोडून आली होती. गरीब बाईला पर्याय नसतो, असं ती सांगते. आपली मुलं नोरा तिच्याच भरवशावर सोडून जाते. यावर इब्सेन एक अक्षरही बोलत नाही, पण मध्यमवर्गीय स्त्रीच्या स्वातंत्र्याची किंमत आणखी कोण मोजतं ते त्याने पाहिलेलं होतं.

पुस्तक ४ डिसेंबर १८७९ ला कोपनहेगनात निघालं. आठ हजारांची पहिली आवृत्ती महिन्याभरात संपली. २१ डिसेंबरला तिथल्याच रॉयल थिएटरात पहिला प्रयोग झाला, नोरा होती बेट्टी हेनिंग्ज. जर्मनीत हेडविग नीमान-राबे या नटीने मुलांना टाकून जाणारी आई करायला नकार दिला. कॉपीराइटचं संरक्षण नव्हतं. दुसऱ्या कुणी शेवट बदलण्यापेक्षा आपणच बदललेला बरा म्हणून इब्सेनने तो लिहून दिला. त्यात हेल्मर तिला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो आणि ती कोसळते. इब्सेन स्वतः या शेवटाला रानटी अत्याचार म्हणत असे. तो लोकांनाही फारसा रुचला नाही.

मराठी वाचकाला हे सारं दूरच्या देशातलं वाटू नये. १८८२ मध्ये, म्हणजे नोरानंतर अवघ्या तीन वर्षांनी, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ छापलं गेलं. १८८४ मध्ये मुंबईत दादाजी भिकाजीने रखमाबाईंवर दावा लावला: लग्न झालं आहे, बायको नांदायला येत नाही. लग्न झालं तेव्हा रखमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. न कळत्या वयातलं हे लग्न आपल्यावर बंधनकारक कसं, हा त्यांचा प्रश्न होता. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८८६ मध्ये अपिलात तो फिरला आणि १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. तुरुंगात जायची त्यांची तयारी होती. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. १८८९ मध्ये त्या वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये जॅनेट अचर्चने लंडनच्या नॉव्हेल्टी थिएटरात नोरा उभी केली होती. नाटकातली बाई आणि खरी बाई एकाच वर्षी त्या शहरात आल्या. ज्या कराराला आपण कधी होकार दिला नाही तो पाळायला नकार देणारी रखमाबाई मला नोराहूनही धाडसी वाटते, कारण तिचं भांडण बंद खोलीत नव्हतं, भर कोर्टात होतं, आणि लोकमान्य टिळकांसारखे लोक विरुद्ध बाजूला होते.

मराठी रंगभूमीवर यायला मात्र अशा बाईला वेळ लागला. १९१९ मध्ये गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तली सिंधू आली. दारुड्या नवऱ्यासाठी झिजून मरणारी ही पतिव्रता बालगंधर्वांनी अजरामर केली. पुरुष पातळ नेसून आदर्श पत्नी साकारत होता आणि घराघरांतल्या बायका त्याच्यासारखं नेसायला शिकत होत्या. अशा रंगभूमीवर नवऱ्याला समोर बसवून जाब विचारणारी बाई कुठून येणार? १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं, तेव्हा स्त्रीची भूमिका ज्योत्स्ना भोळे यांनी केली. श्री. वि. वर्तकांचं हे नाटक नॉर्वेच्याच ब्यर्नसनच्या नाटकावरून घेतलेलं होतं. मुलीकडून जे चारित्र्य मागता ते मुलाकडूनही मागा, हा त्याचा गाभा. अनंत काणेकरांनी ‘अ डॉल्स हाउस’चंच ‘घरकुल’ केलं. १९४२ मध्ये मो. ग. रांगणेकरांचं ‘कुलवधू’ आलं. बायकोचं बाहेर नाव झालं की नवऱ्याचं काय होतं, हा प्रश्न त्यात होता, आणि त्यातली नायिका भानुमतीही ज्योत्स्नाबाईच. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ‘कुलवधू’ रंगलं तेव्हा मुंबई इलाख्यात हिंदू पत्नीला घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदाच नव्हता. तो १९४७ मध्ये झाला. रंगमंचावरून बाहेर पडणाऱ्या बाईला विंगेपलीकडे कायद्यात जागा नव्हती.

पुढच्या नाटकांपैकी दोघींचा उल्लेख करतो. तेंडुलकरांच्या ‘कमला’तली (१९८१) सरिता शिकलेली, पत्रकाराची बायको. नवरा बाजारातून विकत घेतलेल्या आदिवासी बाईला घरी आणतो, तिची बातमी करतो. ती बाई सरितेला विचारते, तुला केवढ्याला घेतलं? त्या भाबड्या प्रश्नाने सरिता जागी होते, पण नवऱ्याची नोकरी जाते आणि ती त्याच रात्री त्याला सोडू शकत नाही. पुढे कधीतरी, हे तिचं ठरलेलं असतं. अनेकांना हा शेवट लटका वाटतो. मला तो खरा वाटतो. प्रशांत दळवी यांच्या ‘चारचौघी’त (१९९१, दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी) विद्या नवऱ्याशी फोनवर बोलते. आपल्याला तिचीच बाजू ऐकू येते आणि तेवढ्यावर एक संसार संपतो. वंदना गुप्ते यांचा तो प्रसंग ज्यांनी पाहिला ते अजून त्याबद्दल बोलतात. २०२२ मध्ये मुक्ता बर्वेने तो नव्या पिढीपुढे आणला. नोराच्या टेबलाला मराठीने दिलेलं हे सर्वांत समर्थ उत्तर. तिथे नवरा समोर बसलेला नाही, तो बसायलाही तयार नाही.

नोरा गेल्यावर तिचं काय झालं? १९२३ मध्ये पेकिंगच्या मुलींच्या कॉलेजात चिनी लेखक लू शुनने याच विषयावर व्याख्यान दिलं. चीनमधल्या तरुण मुली तेव्हा नोराचं नाव घेऊन घराबाहेर पडत होत्या. त्यांचं कौतुक न करता त्याने सांगितलं की खिशात पैसा नसेल तर दोनच वाटा उरतात, एक अधोगतीची, दुसरी परतीची. स्त्रीला आर्थिक हक्क मिळवावा लागेल, असा त्याचा आग्रह होता. घर न सोडणाऱ्या बाईचं काय होतं, याचं उत्तर इब्सेनने ‘घोस्ट्स’मध्ये दिलं; १८८१ च्या त्या नाटकातली मिसेस आल्व्हिंग कर्तव्य म्हणून नवऱ्याकडे परतलेली आहे आणि त्या परतण्याचं विष तिच्या मुलाच्या रक्तात उतरलेलं आहे. ‘द लेडी फ्रॉम द सी’मध्ये नवरा एलिडाला निवडीचं पूर्ण स्वातंत्र्य देतो आणि ती राहते. राहणं आणि जाणं यांपैकी कुठलंही एक इब्सेनने सर्व स्त्रियांसाठी ठरवून दिलेलं नाही. निवडणारी स्त्री असली पाहिजे, एवढाच त्याचा हट्ट.

लू शुनचा प्रश्न मनात घेऊन पहिल्या अंकाकडे गेलं तर तिथे एक छोटी जागा सापडते. नोरा क्रिस्टीनाला सांगते की गेल्या हिवाळ्यात तिला कागद नकलून देण्याचं बरंच काम मिळालं. रोज संध्याकाळी ती खोलीचं दार लावून रात्री उशिरापर्यंत लिहीत बसायची. दमायची खूप, पण बसून काम करायचं आणि पैसे मिळवायचे यात भलतीच मजा होती, जवळजवळ पुरुष असल्यासारखं वाटायचं. टोरवाल्डला वाटत होतं, ती नाताळच्या झाडासाठी कागदी फुलं करते आहे. नाटकात इतरत्र नोरा हसते ती बहुधा कुणाला तरी खूश करायला. इथला आनंद तिचा स्वतःचा आहे. ही बिस्किटं लपवणारी पोर तिसऱ्या अंकात एकाएकी मोठी कशी होते, असा आक्षेप १८७९ पासून घेतला जातो. ज्यांना तो पटतो त्यांनी ही जागा सावकाश वाचावी, आणि नोराची भूमिका करणाऱ्या नटीने तर तालमीची सुरुवातच इथून करावी.